वरातीची घोडी आणि आईचं वावर

माझा धंदा वेल्डिंगचा. दोन तुकडे जुळवून धरायचे, डोळ्यांवर काच ओढायची, ठिणगी पाडायची, झालं. जे जुळत नाही ते घासायचं, घासून भागलं नाही तर कापायचं. आसेगावच्या रस्त्यावर फाट्याला माझं पत्र्याचं दुकान आहे आणि आजूबाजूच्या गावांतली निम्मी लोखंडी फाटकं माझ्या हातची आहेत. हे सांगायचं कारण एवढंच, की सबुरी हा माझ्या धंद्याचा गुण नाही आणि माझाही नाही. अशा माणसानं घोडी आणली.

आणली ती आईसाठी. हे वाक्य मी त्या उन्हाळ्यात इतक्या वेळा बोललो, आणि ऐकणारा दरवेळी असा हसला, की शेवटी मी 'दुकानाच्या कामासाठी आणली' असं सांगायला लागलो. त्यावर कोणी हसत नसे. वेल्डिंगच्या दुकानाला घोडी कशाला लागते, हे विचारायचं मात्र कोणाला सुचलं नाही.

आईचं वावर गावापासून लांब, नाल्याच्या पलीकडे आहे. सातबारावर माझंही नाव आहे, पण वावर तिचंच. वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो. तेव्हापासून पेरणी, डवरणी, निंदण, फवारणीवाल्यावर ओरडणं, सगळं तिनं केलं. उन्हाळ्यात तिथवर मोटरसायकल जाते. मृग लागला की वावरांमधून जाणारा पांदणीचा रस्ता संपला. आमची काळी माती ओली झाली की चाकात आणि मडगार्डात अशी ठासून बसते, की गाडी चालवता तर येत नाहीच, ढकलताही येत नाही. बैलगाडी आखापर्यंत फसते. चप्पल हातात घेऊन पायी जाणारा माणूस तेवढा पोचतो. आई तशीच जायची, रोज, एकटी. मग तिचे गुडघे गेले. डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं. ती म्हणाली, एवढं पीक निघू द्या. पीक काय, दरवर्षीच निघायचं असतं.

दोन पावसाळे ती ओट्यावर बसून राहिली. मी वावरात जाऊन फोनवर फोटो काढायचो आणि संध्याकाळी तिला दाखवायचो. ती फोन लांब धरून बघायची आणि परत द्यायची.

"फोटोतलं सोयाबीन सगळ्याईचंच हिरवं रायते," म्हणायची.

पहिल्या पावसाळ्यात ती माझ्याशी भांडली, माझ्या बायकोशी भांडली, दूधवाल्याशी भांडली. दुसऱ्या पावसाळ्यात भांडणं थांबली, आणि मला भीती वाटायला लागली. माझी आई न भांडता बसली आहे, हे घरात कोणी आजारी असल्यासारखंच होतं. एकदा जेवताना ती सहज म्हणाली, "उभं पीक पाह्यलं तेवढं पाह्यलं. आता काई दिसत नाई ते." त्यानंतर मला जेवण गेलं नाही.

घोडीची कल्पना मंगरूळपीरला एका लग्नात सुचली. वरात रस्त्याच्या मधोमध अडलेली, डीजेच्या आवाजानं दुकानांचे पत्रे थरथरत होते, पायाखाली फटाके फुटत होते, आणि त्या सगळ्यात नवरदेवाची घोडी अर्धे डोळे मिटून उभी होती. मी मनात म्हटलं, एवढ्या गोंधळात जी घोडी हलत नाही, ती आईला सांभाळून नेईल. आमच्याकडे असंच ठरवतात सगळं, लग्नाच्या मांडवात आणि भरल्या पोटी.

घोडीचे मालक म्हातारे होते. आधी त्यांच्या घरात टांगे होते, टांगे बंद पडले तेव्हापासून वरातीच्या घोड्या. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं, मीही म्हणालो. ही घोडी राखाडी, ठिपक्यांची होती. नवरदेवांना पांढरीशुभ्र लागते, फोटोत चांगली दिसते म्हणून, त्यामुळे हिला बोलावणी कमी यायची. चाचांनी माझं सगळं ऐकून घेतलं. आईसाठी म्हटल्यावर न हसणारे ते पहिले.

"ले जा," ते म्हणाले. "तुळशीच्या लग्नापर्यंत ठेव. जमलं तर तुझी. नाही जमलं तर वापस आणून दे, मग माझा सीझन सुरू होते."

घोडी अंगणात लिंबाखाली बांधली तेव्हा आई ओट्यावरच होती. तिनं घोडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"बैल इकले आन घोडी आणली," ती म्हणाली. "उद्या हत्ती आणशीन."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः घोडीवर बसलो. उद्देश हा, की आधी आपण चालवून बघावी, मग आईला बसवावं. बसलो, लगाम धरला, टाच मारली. घोडी उभी. जोरात टाच मारली. घोडीनं एक पाय उचलला, ठेवला, दुसरा उचलला, ठेवला, आणि जागच्या जागी नाचायला लागली. गल्लीतली पोरं जमली. कोणीतरी मोबाईलवर वरातीचं गाणं लावलं, मग तर तिनं मानही डोलवली. मी वर बसून ओरडत होतो आणि खाली माझी बायको पदर तोंडाला लावून भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते.

खाली उतरून मी लगाम हातात धरला आणि चालायला लागलो. घोडी गाईसारखी मागे आली.

मग मी ठरवलं, आपणच पुढे चालू. त्यात काय. आईला ओट्यावरून खोगिरावर बसवलं. तिचं लुगडं कासोट्याचं, त्यामुळे टांग टाकून बसायला अडचण नव्हती. मी लगाम धरून पुढे, आई वर, असे आम्ही निघालो. मारुतीच्या पारापर्यंत पोचलो नसू, तर मागून आवाज आला.

"थांब. मले उतरव."

"काहून?"

"मी काय नवरदेव हावो? तू पुढं, मी वर, पोट्टे मांगून. वाजंत्री तेवढी राह्यली."

"माय, तिकडं चिखल राहीन. घोडी घसरली तर?"

"मंग घसरन." ती घोडीच्या मानेवर हात ठेवून बसली होती, पण बोलत होती ते माझ्या पाठीशी. "सोबत मानूस असला का त्याच्या पायानं चालावं लागते. वावरात मी तुह्या पायानं कायले जाऊ? मी एका धुऱ्यावर बसली का तू म्हनशीन, चाल माय, दुकान उघडाचं हाये."

मी तसंच म्हणालो असतो, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी तिला परत नेऊन ओट्यावर उतरवलं.

म्हणजे आता गाडं असं अडलं: घोडीला पुढे माणूस पाहिजे, आईला पुढे माणूस नको. दोघीही आपल्या जागी ठाम. मी चाचांना फोन लावला. ते म्हणाले, "अच्छी घोडी है बेटा. तू चाल, ती चालते." मी म्हणालो, हीच तर अडचण आहे. त्यांना ती अडचण वाटली नाही. त्यांच्या जन्मात घोडी अशीच चालत आली होती.

त्यानंतरचे काही दिवस मी फुकट घालवले. खेच, ढकल, टाच मार, ओरड. घोडी कान मागे पाडून उभी राहायची. दुकानात एखाद्या गिऱ्हाइकानं अर्ध्यात फाटकाची डिझाईन बदलली आणि मी तापून घरी आलो, तर त्या दिवशी ती जवळही येऊ द्यायची नाही. घरात माझा राग सगळ्यांना माहीत आहे: मोठा आवाज, थोडा वेळ, मग चहा. घोडीला चहापर्यंतचा भाग माहीत नव्हता.

कळलं ते अगदी चुकून कळलं. एका संध्याकाळी तिला नाल्याच्या कडेनं चारून आणत होतो. दोर सैल होता. वळवाचा पाऊस होऊन गेला होता आणि माझी चप्पल चिखलात रुतली. मी दोर सोडून खाली वाकलो. घोडी थांबली. चप्पल काढली, पुढे चालायला लागलो, दोर उचलायचा विसरलो. घोडी आपणहून मागे आली. मला गंमत वाटली. मी मुद्दाम हळू झालो, तिला पुढे जाऊ दिलं. मी तिच्या मानेशी असेपर्यंत ती चालली. मी खांद्याच्या मागे गेलो, ती मंदावली. पोटाशी गेलो, ती उभी. पुन्हा पुढे आलो, ती चालली. मागे गेलो, उभी. अंधार पडेपर्यंत मी त्या रस्त्यावर पुढेमागे करत होतो. लांबून कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, याला आता घोडीच चारून आणते.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. हिनं उभ्या जन्मात वराती केल्या. वरातीत तिच्या तोंडाशी एक माणूस असतो. तो चालला की चालायचं, तो थांबला की थांबायचं, ढोल वाजला की नाचायचं. पाठीवर जो बसलेला असतो त्याचं ऐकायचं असतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि तिचं तरी काय चुकलं? वरातीत नवरदेवाचं कोण ऐकतं? रिकामा रस्ता तिनं कधी पाहिला नव्हता. तिच्या पुढे कायम कोणाची तरी पाठ होती. ती अडेल नव्हती, ती वाट बघत होती.

हे कळल्यावर मला स्वतःची लाज वाटण्यापेक्षा हायसं वाटलं. न जुळणारा तुकडा कुठे न जुळणारा आहे हे कळलं, की माझ्यासारख्याला निम्मं काम झाल्यासारखं वाटतं. उरलेलं निम्मं किती लांब आहे, हे तेव्हा कळायचं होतं.

मी पुढून मागे सरकायला लागलो. आधी तिच्या तोंडाच्या पुढे चालायचो, तो कानाशी आलो. कानाशी तिला चालतं, हे पक्कं झाल्यावर मानेशी. मानेशी पक्कं झाल्यावर खांद्याशी. ती थांबली की ओढायचं नाही, टाच नाही, शिवी नाही. जिभेनं टक् असा एकदा आवाज करायचा आणि उभं राहायचं. तिनं एक पाय जरी पुढे टाकला, तरी जिथे आयाळ संपते तिथे बोटांनी खाजवायचं. ते तिला फार आवडायचं. खालचा ओठ लोंबता सोडून ती डोळे बारीक करायची, एखाद्या म्हातारीनं पाय चेपून घ्यावेत तशी. नुसतं उभं राहून वाट बघणं हेही काम आहे, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. सुरुवातीला माझे हात शिवशिवायचे. मग हळूहळू मी त्या वेळाची वाट बघायला लागलो. दुकानात दिवसभर ग्राइंडर कानात ओरडतो. इथे फक्त तिचा श्वास ऐकू यायचा, आणि विचार करताना ती जिभेनं ओठ चाटायची तो आवाज.

कानापासून खांद्यापर्यंत यायला सबंध ज्येष्ठ गेला. खांद्यापासून शेपटीपर्यंत जायला कासरे कामी आले. बैल गेले होते, पण त्यांचे कासरे कोठीत खुंटीला होते. दोन्ही कासरे लगामाच्या कड्यांना बांधून मी तिच्या मागे, लाथेच्या बाहेर अंतर ठेवून, वखरामागे चालावं तसा चालायला लागलो. सकाळी दुकान उघडायच्या आधी आमची ही फेरी गावाबाहेर निघायची. भेटेल तो विचारायचा, "काय गा भाऊ, वखर घरीच इसरला काय?" मी उत्तर देत नसे. कारण पुढे रिकामा रस्ता होता आणि घोडी त्या रस्त्यावर चालत होती, पुढे कोणाचीच पाठ नसताना. कान मात्र मागे, माझ्याकडे. चांगलं चाललं आहे ना, असं सारखं विचारणारे कान.

तोवर तिकडे दुसरंच शिक्षण चालू होतं आणि त्याची मला गंधवार्ता नव्हती. दुपारी आई लिंबाखाली बाजेवर बसायची, पाय लांब करून. कोंबड्या हाकलायला हातात काठी. घोडी लांब दोरावर. एके दिवशी मी दुपारीच घरी आलो, तर आईनं काठीचं टोक नुसतं घोडीच्या छातीकडे केलं, "सरक" म्हणाली, आणि घोडी एक पाऊल मागे सरकली. "ये" म्हणाली, पुढे आली. काठी बाजूला केली, घोडी बाजेच्या भोवती फिरून पलीकडच्या सावलीत गेली.

"हे कवा शिकवलं तू?" मी विचारलं.

"म्या काई नाई शिकवलं. ती माह्या सावलीत येत होती, म्या सरक म्हनलं. बाई मानसाले बाईचं समजते."

मी महिनाभर जे घाम गाळून करत होतो ते तिनं बाजेवर बसून केलं होतं. मी आत जाऊन पाणी प्यालो.

बायकोनं चाचांच्या खोगिरावरच्या टिकल्या आणि आरसे उसवून टाकले आणि जुन्या गोधडीचे तुकडे दाबून खोगीर मऊ केलं. टिकल्या अंगणात पडल्या, त्या पुढे कितीतरी दिवस कोंबड्या चोचीत धरून टाकून द्यायच्या. मी रुंद पट्टीच्या रिकिबी बनवल्या, आईचं सबंध पाऊल टेकेल अशा. आणि वावरात, धुऱ्यावरच्या म्हणजे बांधाच्या बाभळीखाली, लोखंडी अँगलच्या तीन पायऱ्या गाडून आलो. कारण गावातून ओट्यावरून बसता येईल, पण वावरातून परत बसायचं कसं, हा विचार कोणी केलाच नव्हता. तो बायकोनं केला.

आषाढात आई अंगणातल्या अंगणात बसायला लागली. पुढे कोणी नाही, मी घोडीच्या मागे, मग फाटकाशी, मग फाटकाबाहेर. टक् केलं की घोडी चालायची. "होऽऽ बाई" म्हटलं की थांबायची. गल्लीच्या टोकापर्यंत जायची. पण मी कुठे आहे हे ती सारखं बघायची, आणि मी दिसेनासा झालो की पाय रोवायची. माझ्या मागे सरकण्याचा उपयोग झाला होता, पण अजून मी होतोच. आईला हे माझ्याआधी कळलं होतं. ती काही बोलली नाही, आणि माझ्या आईनं काही न बोलणं म्हणजे काय, हे मी वर सांगितलंच आहे.

पोळ्याच्या दिवशी आमची परीक्षा झाली. आई घोडीवर गल्लीच्या तोंडाशी होती आणि समोरून डफडी वाजवत बैलांची मिरवणूक आली. घोडीचे कान टवकारले. पाय उचलले गेले. नाच सुरू. वर माझी सत्तरीची आई, गुडघ्यांना पट्टे बांधलेली. मी लगामाकडे धावलो.

"धरू नको!" आई ओरडली. माझ्यावर, घोडीवर नाही.

तिनं आयाळ मुठीत धरली होती. घोडी नाचत होती आणि आई वर बसल्या बसल्या हलत होती, आणि हसत होती. तिला हसताना मी कधी पाहिलं होतं ते आठवेना.

"नाच बाई, नाच. तुही सवय हाये. झालं?" ती घोडीच्या कानाशी बोलत होती. "झालं का? चाल मंग. आपल्याले काम हाये."

टक्.

आणि घोडी डफड्यांच्या मधून, बैलांच्या बाजूनं, शिंगं सांभाळत चालायला लागली. पुढे कोणी नव्हतं. पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मोठ्यानं म्हटलं, "आमच्या बापाच्या काळात बौद्धांच्या आळीतलं कोनी घोड्यावर नाई बसलं." आईनं मान न वळवता उत्तर दिलं, "तुमच्या बापाच्या काळात मोबाईल तरी कुठं होता?" पारावरचे बाकीचे हसले. म्हातारा मोबाईल खिशात घालून बसला.

त्यानंतर दोन दिवस पाऊस उघडला आणि ऊन पडलं. पांदणीतला चिखल मात्र होता तसाच. सकाळी आईनं भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधला. "जातो," म्हणाली. मी पांदणीच्या तोंडापर्यंत येणार आणि तिथून परत फिरणार, असा तह झाला होता.

पांदणीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी बाभळी आहेत. मध्ये चाकोऱ्यांत पाणी साचलेलं होतं. घोडी तिथवर गेली आणि थांबली. तिनं एक कान मागे केला, मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

आईनं टक् केलं. घोडी उभी. पुन्हा टक्. घोडी माझ्याकडेच बघत होती.

मला दोन पावलांचं काम होतं. पुढे होऊन नुसता चालायला लागलो असतो, तर ती चालली असती, आणि आई त्या दिवशी वावरात पोचली असती. माझ्या मागोमाग. उद्याही माझ्या मागोमाग, परवाही. माझे पाय उचलले जात होते, खरं सांगतो.

"तू जाय," आई म्हणाली. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

"माय..."

"जाय म्हनलं ना. ती तुले पाहून राह्यली."

मी वळलो आणि गावाकडे चालायला लागलो. पाठीमागे काहीच ऐकू येत नव्हतं. मी चालत राहिलो. घोडीचा नाल्यात पाय घसरला तर, आई पडली तर, तिथे हाक मारली तरी ऐकायला कोणी नाही, हे सगळं एकदम मनात आलं आणि तरी मी चालत राहिलो. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग कोणावर काढावा हे कळत नव्हतं. मग मागून पचक् असा आवाज आला, चिखलातून खूर निघावा तसा. मग दुसरा. मग जरा थांबून तिसरा, चौथा.

खोटं कशाला सांगू, फाट्यापाशी आल्यावर मी वळून पाहिलं. घोडी दिसत नव्हती. बाभळीच्या वर आईचं पदर घेतलेलं डोकं तेवढं दिसत होतं, आणि ते पुढे पुढे जात होतं.

त्या दिवशी मी दुकानात एका फाटकाची कडी उलट्या बाजूला जोडली. गिऱ्हाइकाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही दुसऱ्या दिवशी आलं. दुपारी बायकोनं फोन केला, "जेवाले या." मी गेलो नाही, आणि तिनंही पुन्हा बोलावलं नाही, कारण नंतर कळलं की तीही जेवली नव्हती.

ऊन कलल्यावर आई आली. घोडी पोटापर्यंत चिखलानं माखलेली, आई गुडघ्यापर्यंत. ओट्याशी येऊन घोडी आपणहून आडवी उभी राहिली. आई उतरायच्या आधीच सुरू झाली.

"नाल्याकडल्या तासाईत गवत माजलं, कमरीइतकं. निंदनाले बाया लावल्या होत्या का झोपाले? आन धुरा कोनं कोरला? शेजाऱ्यानं कोरला न तू पाहत बसला! दोन साल मले फोटो दाखवून राह्यला होता, ते कुठून काढत होता, मले आज समजलं..."

ती थांबायलाच तयार नव्हती. मी ओट्याशी उभा राहून ऐकत होतो. मला अख्ख्या जगावर माया आली होती. माझी आई भांडत होती.

संध्याकाळी मी चाचांना फोन केला की तुळशीच्या लग्नाला घोडी परत येणार नाही. ते पलीकडून खूप वेळ हसले. "आता मला तरी ती काय कामाची?" म्हणाले. "पाठीवरच्या माणसाचं ऐकणारी घोडी वरातीत नाही चालत, बेटा. नवरदेवानं घाबरून टाच मारली, तर त्याले घेऊन सिधी जंगल में जाईन."

रात्री बायको आईच्या गुडघ्यांना तेल चोळत होती. गुडघे सुजले होते. मी म्हणालो, आता चार दिवस जाऊ नको. आई छताकडे बघत होती.

"दोन साल मले वाटे का मी मेली हावो आन कोनी मले सांगतलंच नाई," ती म्हणाली. "आज वावरात बसली. शेंगा हातानं पाह्यल्या. नाई मेली."

बायकोचा हात थांबला. मग तिनं आणखी तेल घेतलं आणि चोळायला लागली. मी बाहेर येऊन घोडीला कुटार टाकलं.

सकाळी मी जरा उशिरा उठलो. ओट्यावर आई नव्हती. लिंबाखाली घोडी नव्हती, खुंटीवर खोगीर नव्हतं. चुलीपाशी बायको होती, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि चहा पुढे केला. मला कोणी उठवलंही नव्हतं.

मी बाहेर आलो. रात्री भुरभुर येऊन गेली होती, त्यामुळे गल्लीतल्या ओल्या मातीत घोडीचे खूर स्वच्छ उमटले होते, ओट्यापासून थेट पांदणीच्या दिशेनं. त्यांच्या पुढे माणसाचं पाऊल नव्हतं. मागेही नव्हतं. मी ते खूर मोडू नयेत म्हणून गल्लीच्या कडेकडेनं, भिंतीला अंग घासत दुकानात गेलो.